धर गो

आमच्या जुन्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. पंपावर पेट्रोल भरताना आबा उतरायचे, सीटची गादी काढायचे आणि शेजारी बसलेल्या आयेच्या मांडीवर ठेवत म्हणायचे, “धर गो.” एवढ्या मायेनं घरात कधी बोलले नाहीत. आबा गेले. जुनी टाकी गळायला लागली, म्हणून मी महाडच्या गॅरेजात नवी टाकी मागं बसवून घेतली आणि जुनीच्या जागी गादीखाली फळी टाकली. आज आयेला घेऊन पोलादपूरच्या पंपावर आलो. पंपवाल्यानं मागचं झाकण उघडलं आणि आयेनं सवयीनं हात पुढं केले. “आये, आता नाय लागत. टाकी मागं हाय.” “बरं केलंस रे,” ती म्हणाली. हात मात्र तसेच राहिले. मी उतरलो, गादी काढून तिच्या मांडीवर ठेवली. “आये, धर गो.” टाकी भरल्यावरही तिनं गादी सोडली नाही. मी नुसत्या फळीवर बसून वाडीपर्यंत जीप चालवली.