विझत्या ताऱ्याचा आवाज

खोलीच्या चारी अंगांना मिळून पाच स्पीकर, सगळे कानाच्या उंचीवर. मधोमध खोल गादीच्या दोन खुर्च्या. एकीत म्हातारा, दुसरीत त्याची लेक. ज्या जुन्या अल्बमचं नवं मिक्सिंग आज ऐकायचं होतं, त्याच्या बँडमधला म्हातारा एकटाच उरला होता. सिंथेसायझर त्याचा.

"सर, आता तिसरं गाणं," बटणांपाशी बसलेली मिक्सिंगवाली बाई म्हणाली. "सेहेचाळीस वर्षं लोकांनी हे दोन स्पीकरांतून ऐकलं. आज त्याच्या आत बसून ऐका."

"लाव लाव. माझं वय काय थांबलंय होय."

लेक हसली. दुपारचे तीन वाजले होते. बाबांच्या बॅगा खाली तिच्या गाडीत होत्या. इथून ते तिच्याकडे येणार होते, कायमचे. त्यांच्या खोलीला तिने नवे पडदे लावले होते, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला होता.

ऑर्गनचा सूर पुढून आला आणि डोक्यावरून मागे गेला. गिटार डावीकडून उजवीकडे वळली. समोरून एक जड ठोका पडू लागला, सावकाश, धप्प, धप्प. आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून तो उठला, ज्याला सगळे विझत्या ताऱ्याचा आवाज म्हणत. लांब, खोल, आतडं ओढून नेणारा हंबरडा.

लेकीच्या अंगावर काटा आला. मैत्रिणींकडे तिने तो कितीदा ऐकला होता, घरी मात्र एकदाही नाही. आईने ही तबकडी घरात लावूच दिली नाही. बाबा म्हणायचे, तुझ्या आईला रॉकचा कानच नाही.

गाणं संपलं.

"सर, आज सांगूनच टाका. कुणी म्हणतं करवतीवर गज फिरवलाय, कुणी म्हणतं देवमासा आहे. आमच्याकडे तर पैजा लागल्यात. तुमच्या टेपच्या डब्यावर नुसतं लिहिलंय, 'चौपट हळू'. मी मुकाट्याने तसंच वाजवलं."

म्हातारा खुदखुदला. "देवमासा! मूळ टेप लाव. होती त्या वेगाने."

बाईने लावली.

तान्हं बाळ रडत होतं.

"ही!" म्हाताऱ्याने लेकीच्या गुडघ्यावर थाप मारली. "सात महिन्यांची होती. लोक तारा तारा म्हणून वेडे झाले, ते ह्या बाईसाहेब!"

"काय बाबा! आणि मला सांगितलं नाहीत? शाळेत केवढा भाव खाल्ला असता मी."

टेप चालूच होती. बाळ मागच्या कोपऱ्यांतून रडत होतं, अगदी तिच्या मानेशी. लेकीचं हसू ओसरत गेलं.

मग पावलं वाजली. फरशीवरून, जवळ, आणखी जवळ. रडणं थांबलं. एक उचकी आली, आणि कुणी घ्यायला आलं की बाळं काढतात तसा एक ओला, लाडिक हुंकार. काहीतरी ठक्कन खाली ठेवल्याचा आवाज झाला. पावलं मागे फिरली. दूर गेली.

त्यानंतर बाळ जे रडलं, ते आधीचं रडणं नव्हतं.

"हा! हाच तुकडा!" म्हातारा पुढे झुकला, त्याचे डोळे लकाकत होते. "आधी नुसती किरकिर चालली होती, काही दम नव्हता त्यात. मग सुचलं, जवळ जायचं, आणखी एक माइक ठेवायचा आणि परत फिरायचं. तिसऱ्या खेपेला जमलं. पहिल्या दोन टेपा मी पुसून टाकल्या."

"तिसऱ्या," लेक म्हणाली.

"मग? अशी चीज एका झटक्यात मिळते होय?"

बाई स्क्रीनकडे बघत होती. "सर, हा ठोका मी ड्रम समजून वेगळा काढला, समोर ठेवला. पण तोही याच टेपवर आहे."

धप्पधप्पधप्पधप्प. मूळ वेगात तो जीव खाऊन पडत होता.

"ती हिची आई." म्हाताऱ्याने हात झटकला. "सारखी उचलायला धावायची, म्हणून मी आतून कडी घातली. तर दारच बडवत बसली. म्हटलं, केला सत्यानाश. पण हळू करून ऐकलं तर काय ठेका! नशीब लागतं बघ."

समोरून दार वाजत होतं, मागून बाळ रडत होतं. दोघींच्या मधोमध लेक बसली होती.

"बंद करू, ताई?"

"नको. किती राहिलंय?"

"नऊ मिनिटं."

नऊ मिनिटं तिने ऐकली. शेवटाकडे बाळाचा आवाज बसला, मग नुसता श्वास उरला, मग तोही टेपच्या खरखरीत बुडाला. बाळ गप्प झाल्यावरही दार वाजत होतं.

"झकास केलंयस हो," म्हातारा बाईला म्हणाला. "फक्त मागचे स्पीकर जरा वाढव. तारा कमी पडतोय." मग लेकीकडे वळला. "चल, निघू या. उठव मला."

लेक केव्हाच उभी राहिली होती. म्हाताऱ्याने खोल खुर्चीतून दोन्ही हात वर केले. बाई मदतीला उठली, तशी लेकीने तिला हातानेच थांबवलं.

"अगं, घे ना वर. गुडघे धरलेत माझे." हात तसेच वर होते. "ऐकतेस ना?"

"ऐकतेय," लेक म्हणाली, आणि जागची हलली नाही.