चाळीस दाढ्या

मुलीच्या ऑपरेशनसाठी शेठकडून घेतलेलं कर्ज मी वस्तऱ्यानं फेडत होतो. रोज त्याची दाढी करायची, तेवढी मजुरी कर्जातून वजा. खाडा झाला, तर व्याज सुरू. तापातसुद्धा दुकान उघडलं. तीन वर्षांनी चाळीस दाढ्या उरल्या, तेव्हा बायको पहिल्यांदा मोकळं हसली. मग आठवडाभर शेठ फिरकलाच नाही. आज आला, तर गालांवर पांढरं रान माजलेलं. "सूनबाई म्हणते, दाढी शोभते तुम्हाला. वाढवतोय. उरलेले रोख दे, आठवड्याच्या खाड्याचं व्याज धरून." "शेठ, खाडा तुम्ही केलात." "दाढी तर बुडाली ना?" तो खुर्चीत बसला. "कडा तेवढ्या कोर. घरच्या माणसाकडून त्याचे काय पैसे घेतोस?" डोळे मिटून त्यानं मान मागे टाकली. मी गळ्याला वस्तरा लावला, कडा सुबक कोरल्या. हात जरासुद्धा थरथरला नाही, याचीच लाज वाटली.