पाटीवरची सही

अंधेरी कोर्टाच्या तारखा करून करून प्रेमा टेकीला आली होती. अखेर आज सरकारी वकिलांनी बँकेची स्लिप तिच्यापुढे धरली. "तुमच्या नवऱ्याच्या फंडाचे पैसे या स्लिपवर निघाले. सही तुमची?"

सही हुबेहूब तिचीच वाटत होती. वाटणारच. चौथीत असताना तिच्या नंदूनेच तिचा हात धरून ती पाटीवर गिरवून घेतली होती. "आये, तू अंगठा लावतेस ते बघून लोक हसतात."

आता तोच समोरच्या पिंजऱ्यात उभा होता. ती हो म्हणाली असती, तर सुटला असता.

"नाय साहेब. माझ्या पोरानं केली."

जबानी संपली. कारकुनाने कागद आणि पेन पुढे केलं. "मावशी, इथे सही करा."

प्रेमाने पेन परत सरकवलं. "शाईचा पॅड द्या, भाऊ."