अंगणातली सही

या, जवळ सरका, शिवणवाल्या काकूंची गोष्ट सांगते. त्यांची धाकटी बहीण दूरदेशी, जन्मापासून मूकबधिर. दोघी बोलायच्या त्या व्हिडिओ कॉलवर, हातांच्या खुणांनी. पण नेट असं रडकं, की बहिणीचे हात अर्ध्या वाक्यातच थिजायचे. वेगवान फायबर नेटसाठी काकूंनी तीन वर्षं नेट कंपनीचे उंबरठे झिजवले. तिथल्या साहेबांचं उत्तर ठरलेलं, "तुमच्या गल्लीत सोय नाही. अर्ज ठेवून जा, कळवू."

एके दिवशी तेच साहेब काकूंच्या दारात! "काकू, पुढच्या बंगल्यांना फायबर द्यायचंय. केबल तुमच्या अंगणातूनच न्यावी लागेल. एवढी सही करा."

काकूंनी हातातली टीप पुरी केली, मग मान वर केली.

"माझ्या अंगणात सोय नाही. अर्ज ठेवून जा, कळवू."



आधी अख्ख्या गल्लीला फायबर मिळालं, तेव्हाच काकूंनी सही केली. आज आपल्या गल्लीत नेट सुसाट पळतंय ना? मग काकूंची आठवण ठेवा, बाबांनो.