वर्गाकडे पाठ

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तालुक्याच्या हायस्कूलात ढोलकी वाजवत होतो. मुलांना नाच कसा शिकवायचा, हे ती शाळेतल्या शिक्षकांना शिबिर घेऊन शिकवायची. आजारपणात शिबिर बंद पडू नये म्हणून तिनंच मला सराव घ्यायला पाठवलं होतं. त्या फोननंतर शिबिर मोडलं ते मोडलंच.

काल त्या शिबिरातल्या सानपबाईंनी नववीच्या मुलींचा नाच बघायला बोलावलं. गेलो. बाई वर्गाकडे पाठ करून नाचत होत्या. पाय अगदी हिच्यासारखे पडत होते. मागे पोरी एकमेकींना ढकलत होत्या. एक चुकत चुकत शेवटी रडवेली होऊन भिंतीला टेकली. बाईंना ते दिसलंच नाही.

"काका, मॅडमसारखं जमलं ना?"

"जमलं. पण तोंड पोरींकडे करा की, बाई."

"वळलं की माझं उजवं-डावं उलटं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, ते पुढं घेऊ. तुम्ही दाखवता?"

मला फक्त ढोलकी येते. बाईंना पाठमोरं नाचायला तिनं शिकवलं होतं. समोर बघून शिकवायचं कसं, ते सांगायचं राहिलं आहे.