मॉड्यूल सापडत नाही

२००६ सालची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचीला नागपूरला प्रोजेक्ट दाखवायचा होता, आणि बालाघाटच्या घरी भर दुपारी तिचा पायथनमधला प्रोग्राम अडून बसला होता. मैत्रिणीकडून सीडीवर आणलेलं पॅकेज टाकून झालं होतं, तरी ते प्रोग्रामच्या आत आणणाऱ्या इम्पोर्टच्या ओळीवर तीच एरर यायची: असं मॉड्यूल नाही.

तिनं पुन्हा एंटर दाबलं. एरर आली, आणि दारावर थाप पडली.

"आई, पाह्य बरं कोण आहे."

पुष्पलताबाईंनी दार उघडलं. "कोणीच नाही वं."

पॅकेजच्या नावाचं स्पेलिंग तपासून प्राचीनं प्रोग्राम पुन्हा चालवला. एरर आली. थाप पडली. या वेळी ती स्वतः धावली. ओटा रिकामा होता आणि उन्हानं तापलेली गल्लीही.

"आता नको चालवू ते," आई म्हणाली.

"चार वाजता लाइट जाते, आई. मले त्याच्या आधी कराच लागते."

मग तिच्या लक्षात आलं. कॉम्प्युटरवर पायथन दोन होते, जुना आणि नवा, आणि पॅकेज जुन्यात गेलं होतं. तिनं ते नव्यात टाकलं, एंटर दाबलं आणि दाराकडे पाहत राहिली.

थाप पडली नाही. स्क्रीनवर एररही नव्हती.

"झालं, आई. आलं एकदाचं आत."

पुष्पलताबाई चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. प्राचीच्या मागे पाहत त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"त्याहिले उभं काहून ठेवलं वं?" त्या हळूच म्हणाल्या. "खुर्ची दे न."