कणगीतला ठिपका

परवान्याशिवाय जन्मलेली मुलं शोधणारं पथक वैजंताच्या दारात आलं, तेव्हा तिची तान्ही लेक धान्याच्या कणगीत निजली होती. रडू नये म्हणून सासूने गुटीत अफू उगाळली होती, आज जरा जास्तच. लेक सापडली की ते घेऊन जाणार होते, कायमची.

शिपायाने टॉर्चएवढं यंत्र कणगीला टेकवलं. आत धडधडणारं प्रत्येक काळीज त्यावर ठिपक्यासारखं दिसायचं.

"तळाशी उंदीर पळतोय, वहिनी," तो हसून म्हणाला. "त्याचाच तेवढा ठिपका दिसतोय. बाकी कुणी नाही. मांजर पाळा एखादं."

सासूने पदराने घाम पुसला. शिपाई वळला, तशी वैजंताने त्याची बाही धरली.

"भाऊ, पुन्हा एकदा लावून बघा ना."